दवबिंदूचे पाणी

आमचे घर जालन्याच्या जुन्या वस्तीत आहे. भिंती हातभर जाडीच्या, खिडक्या लहान. त्यामुळे भर दुपारीही माजघरात अंधार असतो. या माजघरातील एका कोनाड्यात मी एक विलक्षण पाहुणा सांभाळला होता. त्याने आमच्या घरी सूर्याचे तोंड पाहिले नाही. डास आणि चिलटे यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही अन्नाची त्याने कधी अपेक्षा केली नाही. तसा तो फार साधा. पण पाण्याच्या बाबतीत त्याचा हट्ट असा काही होता की, त्यापायी एकदा मी खोटे बोललो. ती हकीकत सांगायची तर आधी या पाहुण्याची आणि माझी भेट कशी झाली, ते सांगितले पाहिजे.

२०११ सालच्या सप्टेंबर महिन्यात आम्ही चार शिक्षक मित्र साताऱ्यास गेलो होतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १२०० मीटर उंचीवर, कासचे पठार आहे. पुढे २०१२ साली पश्चिम घाटातील निवडक स्थळांबरोबर या पठाराचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आले. पावसाळा सरता सरता तेथे फुलांचे गालिचे अंथरले जातात. आम्ही गेलो तेव्हा गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी यांनी पठार भरून गेले होते. सगळे त्या रंगांकडे पाहत चालले असता आमच्या वाटाड्याने मला थांबविले आणि पायाशी बोट दाखविले.

ओल्या कातळावर, बोटभर जाडीच्याही नसलेल्या मातीच्या थरात, रुपयाएवढी एक तांबूस चकती चिकटून बसली होती. नीट पाहिले तेव्हा कळले की, ती चमच्याच्या आकाराच्या चिमुकल्या पानांची फुलासारखी मांडणी आहे. प्रत्येक पानावर बारीक लाल केस होते व प्रत्येक केसाच्या टोकावर पाण्याचा एकेक थेंब चमकत होता. दुपारचे बारा वाजले होते. या वेळी दव कोठून राहिले, असे मनात येऊन मी बोट लावले, तो थेंब तारेसारखा लांबला! ते दव नव्हते. तो चीक होता. शेजारच्याच पानावर एक मुंगी अडकलेली होती आणि पानाचे केस चहूकडून तिच्यावर वाकले होते.

“याला दवबिंदू म्हणतात. किडे खातो,” वाटाड्या म्हणाला.

माझा हात आपोआप पुढे गेला. एवढेसे रोपटे, रुमालात सहज मावले असते. पण वाटाड्याने लगेच मला अडविले. “हात आवरा, साहेब. इथलं काही उपटायचं नसतं. आणि नेलंत तरी तुमच्याकडं ते जगायचं नाही.” त्याच्या पहिल्या वाक्याने मी ओशाळलो, पण दुसरे वाक्य मात्र मनाला लागले. जगायचे नाही म्हणजे काय? मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या जिल्ह्याची जमीन काळी, कसदार. तीत कापूस पिकतो, मोसंबीच्या बागा डोलतात. जेथे मोसंबी होते तेथे हे एवढेसे रोप का होणार नाही?

पुण्यात माझा एक मित्र महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवितो. त्याच्या घरी दवबिंदूची रोपे पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेली होती. दिवाळीत त्याने मला कागदाच्या पुडीत चिमूटभर बी दिले. बी कसले, काळ्या शाईची पूडच ती! शिंक आली असती तर सगळी बाग उडून गेली असती. घरी येताच मी शेतातून काळी माती आणविली, तीत जुने शेणखत मिसळले, आणि मोठ्या थाटाने पेरणी केली. महिना गेला, दीड महिना गेला. कुंडीत गवत तेवढे उगवले.

मी मित्राला कळविले तेव्हा तो खूप हसला. म्हणाला, “अरे, जन्मभर अर्धपोटी राहिलेल्या माणसापुढे तू श्रीखंड-पुरीचे ताट वाढलेस!”

त्याने मला जे समजावून सांगितले, ते तुम्हांलाही नवलाचे वाटेल. कासचे पठार जांभ्या दगडाचे आहे. त्यावर पाऊस असा कोसळतो की, मातीतील क्षार धुऊन जातात. झाडांना वाढीसाठी जे नत्र लागते, ते तेथे फारच थोडे मिळते. अशा ठिकाणी मोठी झाडे तग धरीत नाहीत. मात्र दवबिंदूने निराळाच मार्ग काढला. आपले अन्न इतर झाडांप्रमाणेच तोही सूर्यप्रकाशात तयार करतो. त्याच्या पानांतही हरितद्रव्य असतेच. परंतु जमिनीने जे नाकारले, ते नत्र तो किड्यांच्या शरीरांतून मिळवितो. म्हणजे त्याला मांसाहारी म्हणण्यापेक्षा गरिबीत काटकसरीने संसार करणारा म्हणणे अधिक बरोबर होईल. खतावलेल्या मातीत त्याची कोवळी मुळे होरपळून जातात.

दुसऱ्या खेपेस मी शहाणा झालो होतो. मित्राने पाठविलेले पीट, म्हणजे थंड देशांतील दलदलींत साठलेल्या शेवाळाची कुजकी माती, मी धुतलेल्या वाळूत मिसळले. बी मातीखाली न पुरता नुसते वर भुरभुरले. कारण ते उजेडाशिवाय रुजत नाही. कुंड्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवल्या. तीन आठवड्यांनी मोहरीच्या दाण्याहून लहान अशी रोपे दिसू लागली. भिंगातून पाहिले, तर त्या इवल्या पानांवरही थेंब होते! आईला बोलावून मी ते दाखविले. ती म्हणाली, “जन्मत नाही तोच शिकारीला लागलं की रे हे!”

तथापि महिन्याभरातच रोपे काळी पडू लागली. मातीच्या कडेला पांढरे कडे धरले होते. तसेच कडे आमच्या पाणी तापविण्याच्या पातेल्याला आतून बसते, हे माझ्या ध्यानात आले आणि उलगडा झाला. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. खोल खडकातून येताना ते चुन्याचे व इतर क्षार विरघळवून घेऊन येते. आपण ते पितो आणि आपले काही बिघडत नाही. पण कुंडीतले पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. दररोज थोडे थोडे साचतात. दवबिंदू पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या पाण्यावर जगलेला. त्याला हे सोसणे शक्य नव्हते.

आता पावसाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. २०१२ चा पाऊस आमच्याकडे फार तुटपुंजा झाला. तरी पडवीच्या पत्र्याच्या पन्हळीखाली भांडी मांडून मी वीस-वीस लिटरचे चार कॅन भरून घेतले. पहिल्या सरीचे पाणी धूळ व पाचोळा घेऊन येते, म्हणून ते सोडून दिले. उरलेले बी पेरले. या वेळी रोपे जगली.

उजेडाची व्यवस्था मात्र मला स्वतःच करावी लागली. या झाडाला भरपूर प्रकाश हवा. पण जालन्याच्या कोरड्या वाऱ्यात त्याचे थेंब सुकून जातात. म्हणून मी माजघरातील कोनाड्यात काचेची जुनी मासेपेटी ठेवली, तीत कुंड्या मांडल्या, आणि वर दोन ट्यूबलाइट टांगल्या. त्या चौदा तास जळत. आरंभी मी त्या हातभर उंच ठेवल्या होत्या. तेव्हा पाने हिरवी, लांबट, मरगळलेली दिसत आणि थेंब धरीत नसत. दिवे वीतभर अंतरावर आणले, तेव्हा आठ-दहा दिवसांत पानांवर लाली चढली व थेंब चमकू लागले. झाड आपली प्रकृती बोलून दाखवीत नाही, असे आपण म्हणतो. दवबिंदू बोलून नाही, पण रंगाने दाखवितो. विजेचे भारनियमन सुरू झाले म्हणजे दिवे मध्येच जात. मग गेलेले तास भरून काढण्यासाठी मी रात्री उशिरापर्यंत ते चालू ठेवी. घरातल्या माणसांच्या विजेपेक्षा मला त्या कोनाड्याच्या विजेची काळजी अधिक, असे आई म्हणे. आणि ते खोटे नव्हते.

त्या वर्षी माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होती. ती तुमच्याच वयाची. मला वाटले होते, पोर किडे पाहून किळस करील. पण झाले उलटेच. चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६० पासून दवबिंदूवर प्रयोग केले होते व १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, हे मी तिला सांगितले. डार्विनने पानांवर मांसाचे कण ठेवून पाहिले, उकडलेल्या अंड्यातील पांढरे ठेवून पाहिले, काचेचे कणही ठेवून पाहिले. माणसाच्या केसाचा इतका बारीक तुकडा की, त्याचे वजन एका ग्रेनच्या अठ्ठ्याहत्तर हजाराव्या हिश्शाइतकेही नव्हते. तेवढ्यानेसुद्धा पानावरील केस वाकला! उलट वरून पाण्याचे थेंब पडले तर पान हलत नाही. जेथे रोज पाऊस पडतो, तेथे प्रत्येक सरीला फसून चालायचे कसे?

भाचीला हे ऐकून धीर धरवेना. तिने एका पानावर वाळूचा कण ठेवला, दुसऱ्यावर उकडलेल्या अंड्याचा कण, आणि तिसऱ्यावर पाण्याचा थेंब. पाण्याने काहीच झाले नाही. वाळू आणि अंडे या दोहोंवर मात्र कडेचे लांब केस बघता बघता मिटले. ती घड्याळ धरून बसली होती. काही सेकंदांचाच तो खेळ. दुसऱ्या दिवशी वाळूवरचे केस पुन्हा उघडले. अंड्यावरचे मात्र कित्येक दिवस मिटलेले राहिले, आणि उघडले तेव्हा कण विरघळून नाहीसा झाला होता. “मामा, याला पोट नाही, पण पचतं!” ती म्हणाली. हे वाक्य मी पुढे वर्गात किती वेळा वापरले असेल, सांगवत नाही.

ती चिमट्याने डास आणून पानांवर ठेवी. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानेही असेच केले होते. काही रोपांना त्याने मांसाचे कण खाऊ घातले व काहींना उपाशी ठेवले. १८७८ साली त्याने दाखवून दिले की, खाऊ घातलेल्या रोपांना कितीतरी अधिक बी येते. आमच्या रोपांनाही माघात उंच दांडे आले. त्यांवर लहान पांढरी फुले सकाळी काही तास उमलत. दांडा उंच का, हे भाचीनेच ओळखले. फूल पानांजवळ असते तर त्यासाठी येणारी माशी पानावरच अडकली असती! दांडे वाळले, तशी आम्ही त्यांतली काळी पूड पुडीत बांधून ठेवली.

आणि मग तो उन्हाळा आला.

२०१३ चा उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. मागच्या पावसाने दगा दिला होता. जालना जिल्ह्याला दुष्काळाची फार मोठी झळ लागली. विहिरी आटल्या. मोसंबीच्या बागा उभ्या वाळून गेल्या. ज्यांनी वीस वर्षे झाडे वाढविली, त्यांनीच ती कुऱ्हाडीने तोडली. आमच्या गल्लीत टँकर येई. त्याचा भोंगा ऐकू आला की, घागरी, हंडे, डबे घेऊन सगळे धावत. टँकरचे पाणी कोठल्यातरी खोल विहिरीचे, मचूळ.

आमच्या घराच्या मागे एका खोलीत एक म्हाताऱ्या मावशी राहत. कोणाच्या घरी पोळ्या करून त्या आपला व एका नातवाचा निर्वाह करीत. एप्रिलमधील एका सकाळी त्या पितळी तांब्या घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “या पाण्यात डाळ शिजंना बघा. दोन तास चूल पेटती, तरी दाणा तसाच टणक. सोडा घातला तर पोराला खाववंना. तुमच्याकडं पावसाचं पाणी हाय म्हणं. तांब्याभर द्या.”

त्यांचे म्हणणे खरे होते. ज्या क्षारांनी माझी रोपे मारली, तेच क्षार डाळीतही शिरतात व तिला मऊ होऊ देत नाहीत. पावसाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. कोणत्याही पुस्तकावाचून मावशींनाही ते ठाऊक होते. मला ते शास्त्र कळत होते. आणि तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो कोनाड्यातील कॅनचा. सव्वा कॅन पाणी उरले होते. पावसाला अजून दोन महिने होते. मी हिशेब करूनच ठेवला होता.

“मावशी, ते तर केव्हाच संपलं,” मी म्हणालो.

“बरं,” एवढेच बोलून त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. मी मागे वळून पाहिले, तो माजघराच्या दारात भाची उभी. आपल्याकडे पावसाचे पाणी आहे, हे मोठ्या कौतुकाने मावशींना तिनेच सांगितले होते. ती काही बोलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी तिने रोपांना डास घातले नाहीत, की भिंग हातात घेतले नाही. जेवताना आईने माझ्या पानात वरण वाढले. आमच्या घरी गॅसवर कुकर होता. त्यात डाळ कशीबशी शिजे. घास माझ्या घशाखाली उतरेना.

रात्री नऊच्या सुमारास मी भरलेला कॅन खांद्यावर घेऊन मावशींच्या खोलीवर गेलो. काय सांगायचे ते वाटेत ठरविले होते. पण दार उघडताच ते सगळे विसरलो. “मावशी, पाणी होतं. मी खोटं बोललो,” एवढेच तोंडून निघाले. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आत ठेवा. दार लोटून घ्या, उंदरं येतात.” नातू झोपला होता. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्यांच्या चुलीवर डाळ शिजल्याचा वास मागच्या अंगणात येऊ लागला.

उरलेले पाव कॅन पाणी तीन आठवडेही पुरले नाही. बाहेर पारा ४२ अंशांवर गेला होता. काचेच्या पेटीतील ओल नाहीशी झाली. आधी पानांवरचे थेंब गेले, मग लाली गेली, आणि मेच्या मध्यास कुंड्यांत फक्त तपकिरी चकत्या उरल्या. मी दिवे बंद केले. माजघर पुन्हा पूर्वीसारखे काळोखे झाले.

यानंतरची गोष्ट सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. त्याच महिन्यात पुण्याचा मित्र भेटला. सगळे ऐकून तो थक्क झाला. “अरे, मोटारीच्या बॅटरीत घालतात ते पाणी का नाही आणलेस? ते क्षार काढलेलेच असते. तुझ्या शाळेच्या वाटेवर बॅटरीचे दुकान नाही का?” दुकान होते. गेली बारा वर्षे मी त्यावरून रोज जात होतो. दारात निळ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत, हेही मला आठवले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. असा आला की, गल्लीतील पोरे पहिल्या सरीला घराबाहेर पडली ती अंधार होईतो परतली नाहीत. भाचीने जपून ठेवलेली बियांची पुडी काढली. आम्ही कुंड्या धुतल्या, पीट पुन्हा भिजविले. दिव्यांच्या काचांवरची धूळ पुसली. चौथ्या दिवशी सकाळी मावशी दारात उभ्या. हातात तोच पितळी तांब्या, काठोकाठ भरलेला. वर फडके बांधलेले.

“माझ्या पत्र्यावरचं हाय,” त्या म्हणाल्या. “पहिल्या सरीचं न्हाई बरं का. दुसऱ्या पावसाचं धरलंय.”

मी तो तांब्या घेतला. परातीत पाणी ओतताना त्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. भाचीने त्यांच्या हातात भिंग दिले. बी अजून रुजले नव्हते. पाहण्यासारखे तेथे काहीच नव्हते.

“कधी उगवंल?” त्यांनी विचारले.

“तीन आठवड्यांनी,” भाची म्हणाली.

“मग तवा येते,” असे म्हणून त्यांनी रिकामा तांब्या उचलला आणि पुन्हा पत्र्याखाली लावण्यासाठी त्या लगबगीने घरी गेल्या. कारण बाहेर आभाळ परत भरून आले होते.